उशीर कुणी केला?



आज आपण मोटार शर्यतीचा इतिहास पाहणार आहोत. काही जणी म्हणतील, ताई, हे काय मधेच? आपल्या गटाचा आणि शर्यतीच्या मोटारीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका वाक्यामुळे आहे. बैठकीत कुणी म्हणालं, मला गाडी चालवायला शिकायचंय, किंवा माझी राहिलेली दहावी पुरी करायचीय, की कोपऱ्यातून आवाज येतोच, "आता या वयात?" मोटार शर्यत हा असा खेळ आहे की तिथं हे वाक्य विशीतल्या पोरालाही ऐकावं लागतं. मग तिशीत, पस्तिशीत आलेल्या बाईचं काय झालं असेल? काही बायका तशा आल्या. त्यातली एक आपल्या पुण्याची आहे. त्या कशा आल्या आणि त्यांना उशीर का झाला, ते आज पाहू.

आधी शर्यत म्हणजे काय ते. घोरावाडीच्या, मावळातल्या बाईला हे फार समजावून सांगायला नको. जत्रेत बैलगाडा आपण लहानपणापासून पाहतो. आपल्याकडं एकेक गाडा घाटातून सुटतो. घड्याळ लावलेलं असतं आणि सगळ्यात कमी सेकंदांत जो वर पोचतो तो पहिला. मोटारींची 'रॅली' म्हणतात ती साधारण अशीच असते. एका मागून एक गाडी सुटते, वाट खडकाळ, मातीची किंवा डोंगरातली असते आणि निकाल घड्याळावर लागतो. दुसरा प्रकार 'सर्किट'चा. त्यात वळणावळणाचा बंदिस्त डांबरी रस्ता असतो, सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि ठरलेले फेरे मारतात. जो आधी फेरे पुरे करील तो जिंकला.

बैलगाड्याची आणखी एक गोष्ट आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधली सात वर्षं घाट बंद होते. त्या वर्षांत ज्या पोराला गाडा पळवायची हौस होती, तो बंदी उठल्यावर घाटात उतरला. त्याला कुणी म्हणालं का, की तू फार उशिरा आलास? नाही म्हणालं. सगळ्यांना ठाऊक होतं की घाटच बंद होता. हे लक्षात ठेवा. पुढं आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

आता पाहू, शर्यतीत लहानपणीच उतरावं लागतं हे ठरलं कधी. आज मोठ्या शर्यतीत पळणारी बहुतेक मुलं सात-आठ वर्षांची असताना 'कार्ट' नावाच्या छोट्या, उघड्या, जमिनीला टेकल्यासारख्या गाडीत बसतात. नेदरलँड्सचा मॅक्स व्हर्स्टॅपन तर चार-साडेचार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला आणि २०१५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, फॉर्म्युला वन या सगळ्यात मोठ्या शर्यतीत उतरला. त्याचे वडील स्वतः शर्यतीचे चालक होते. घरातच सगळं होतं.

पण हे कायमचं असं नाही. कार्ट ही गाडीच मुळात १९५६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात पहिल्यांदा तयार झाली.  फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाली. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ त्यात पहिल्यांदा उतरला तेव्हा ३८ वर्षांचा होता. पोरवयापासून गॅरेजमध्ये काम केलेला मेकॅनिक. तो पाच वेळा जगज्जेता झाला आणि पाचव्यांदा, १९५७ मध्ये, तो ४६ वर्षांचा होता. म्हणजे त्या काळात चाळिशीचा माणूस शर्यतीत शोभून दिसायचा. पुढं कार्ट आली, ज्या आईबापांकडं पैसा होता त्यांनी मुलांना लवकर बसवलं, आणि मग लवकर बसणं हाच नियम झाला. "योग्य वय" हे असं माणसांनी आणि पैशानं ठरवलेलं असतं. पंचांगात लिहिलेलं नसतं.

आता बायकांकडं येऊ.

पहिली गोष्ट फ्रान्सची. कामीय द्यू गास्त नावाची बाई, जन्म १८६८. नवरा एका मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक होता. तो लवकर वारला आणि पदरात एक मुलगी. पैसा मात्र होता. १९०१ मध्ये पॅरिस ते बर्लिन अशी सुमारे अकराशे किलोमीटरची मोटार शर्यत झाली. त्यात ती उतरली. वय ३३. सगळ्यात शेवटी, म्हणजे १२२ व्या क्रमांकानं ती निघाली आणि पोचताना ३३ वी होती. कच्चे रस्ते, उघडी गाडी, डोळ्यांत धूळ. विचार करा, किती जणांना मागं टाकलं असेल.

१९०३ मध्ये ती पॅरिस ते माद्रिद शर्यतीत होती. चांगली पुढं चालली होती. वाटेत एका स्पर्धकाची गाडी उलटलेली दिसली, माणूस गाडीखाली अडकलेला. ती थांबली आणि मदत पोचेपर्यंत त्याच्यापाशी राहिली. शर्यत हातची गेली. त्या शर्यतीत इतके अपघात झाले, माणसं गेली, की सरकारनं ती मधेच थांबवली. आणि पुढच्याच वर्षी निर्णय काय झाला? बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही. कारण काय दिलं, तर बायका घाबरट असतात, त्यांच्या मनावर ताण येतो! जी बाई उलटलेल्या गाडीपाशी थांबून राहिली, तिच्या डोळ्यांदेखत हे कारण दिलं गेलं. म्हणजे घाट बंद.

त्यानंतर पुढच्या पन्नास वर्षांत काही बायका शर्यतीत दिसतात, पण बहुतेक मोजक्या स्पर्धांत किंवा खास बायकांसाठी ठेवलेल्या शर्यतीत. फॉर्म्युला वनमध्ये पहिली बाई १९५८ मध्ये उतरली. इटलीची मारिया तेरेसा दे फिलिपिस, वय ३१. बेल्जियमच्या शर्यतीत ती दहावी आली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये तिला पळू दिलं नाही. तिनं नंतर सांगितलं की तिथल्या अधिकाऱ्यानं तिला ऐकवलं होतं, बाईनं डोक्यावर घालायचं ते केस वाळवायच्या यंत्राचं टोपडं, दुसरं काही नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती लेला लोम्बार्डी. तीही इटलीचीच, १९४१ चा जन्म. घरचा धंदा मटणाचा. लेलाचं काम काय, तर व्हॅनमधून गिऱ्हाइकांकडं माल पोचवायचा. तिचा गाडीवरचा हात बसला तो तिथं. माल वेळेत गेला पाहिजे, वळणावर सांडला नाही पाहिजे. ते करत करत, कमाईतून पैसे साठवून, ती छोट्या शर्यतींत गेली, मग मोठ्या. २७ एप्रिल १९७५ ला स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत ती सहावी आली. वय ३४. ती शर्यत भीषण अपघातामुळं, प्रेक्षकांचे जीव गेल्यामुळं, मधेच थांबवावी लागली, म्हणून सगळ्यांना अर्धेच गुण मिळाले. लेलाला अर्धा गुण. पण फॉर्म्युला वनच्या इतिहासात गुण मिळवणारी बाई आजपर्यंत ती एकटीच आहे. मटण पोचवणाऱ्या व्हॅनवर शिकलेली.

अमेरिकेची जॅनेट गथ्री वेगळ्या वाटेनं आली. १९३८ चा जन्म, भौतिकशास्त्राची पदवी, विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. पगारातून जुनी जॅग्वार गाडी घेतली. तिचं इंजिन ती स्वतः उघडायची आणि स्वतः जोडायची. अशी तेरा-चौदा वर्षं लहान शर्यतींत काढली. तिथली सगळ्यात मोठी शर्यत इंडियानापोलिसची, पाचशे मैलांची. त्या मैदानावर १९७० च्या सुमारापर्यंत बायकांना गॅरेजमध्ये पाऊल ठेवायलासुद्धा बंदी होती. मग चालवणं दूरच. १९७७ मध्ये जॅनेट त्या शर्यतीत उतरलेली पहिली बाई ठरली. वय ३९. पुढच्या वर्षी मोडलेल्या मनगटानं गाडी चालवून ती नववी आली.

आणि २००१ मध्ये जर्मनीच्या युटा क्लाइनश्मिट या बाईनं डकार रॅली जिंकली. वाळवंटातून हजारो किलोमीटर जाणारी, जगातली सगळ्यात खडतर रॅली. तीही आधी मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर होती. जिंकली तेव्हा ३८ वर्षांची. ती रॅली गाडी चालवून जिंकलेली पहिली बाई.

मैत्रिणींनो, ३३, ३१, ३४, ३९, ३८. ही वयं आपण बैठकीत "आता या वयात" म्हणतो तीच आहेत. आता विचारा, या बायकांना उशीर कुणी केला? कामीयनंतर दार बंद केलं, ते कुणी? मैदानात पाय ठेवू नको हे कुणी सांगितलं? उशीर त्यांच्या अंगात नव्हता. दार उशिरा उघडलं, किंवा ढकलून उघडावं लागलं.

आपल्याकडं काय होतं तेही पाहू. घोरावाडीच्या एका अंगाला लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता. पलीकडं पिंपरी, आकुर्डी, चाकण, तळेगावचे मोटारींचे कारखाने. देशभर पळणाऱ्या किती गाड्या आपल्याच शिवारात जुळल्या. पण १९७० च्या दशकात याच पिंपरीच्या टेल्को कंपनीच्या इंजिनिअर भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं होतं की महिलांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून विचारलं, हे कसं काय? तिला बोलावणं आलं, मुलाखत झाली आणि टेल्कोतली ती पहिली महिला इंजिनिअर झाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. म्हणजे गाडी चालवणं सोडा, गाडी बनवण्याच्या जागेचं दारही एका पोस्टकार्डानं उघडावं लागलं.

लोहमार्गाचंही तसंच. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कऱ्हाडला इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला आणि १९८८ मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. आधी सहायक, मग मालगाडी, मग लोकल, मग खंडाळ्याच्या घाटातली इंजिनं. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली. आपल्या घोरावाडीच्या फलाटासमोरून ती गाडी गेली, तेव्हा तिच्या पुढच्या खिडकीत आपल्या महाराष्ट्राची बाई होती. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. पहिल्या दिवसापासून डेक्कन क्वीनपर्यंत तेवीस वर्षं. ही शर्यत नव्हती, पण पायरीपायरीनं कसं जायचं ते यातून दिसतं.

आता पुण्याची ती बाई, डायना पंडोल. पेशानं शिक्षिका, दोन मुलांची आई. गाड्यांची गोडी वडिलांमुळं लागली, असं त्या सांगतात. लहानपणी कार्टमध्ये बसून, स्पर्धा जिंकत जिंकत वर येणं, हे त्यांच्या वाट्याला आलं नाही. २०१८ मध्ये जे.के. टायर कंपनीनं बायकांसाठी निवड आणि प्रशिक्षणाचा कार्यक्रम घेतला. ज्यांना शर्यतीत यायचंय त्यांनी यावं, चालवून दाखवावं, निवडलेल्यांना गाडी आणि शिकवणारे मिळतील. डायना गेल्या आणि निवडल्या गेल्या. तिथून सुरुवात.

त्यानंतर लगेच नाव झालं असं नाही. घर, मुलं, सराव आणि चेन्नईच्या फेऱ्या. आपल्याकडच्या राष्ट्रीय शर्यती मुख्यतः तमिळनाडूत होतात, चेन्नईजवळ आणि कोइम्बतूरला. चेन्नईजवळचं मैदान इरुंगट्टुकोट्टई या गावात आहे, एक फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरची. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथंच डायना यांनी एमआरएफच्या 'सलून' गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. सलून म्हणजे इथं केस कापायचं दुकान नव्हे. आपण लग्नाला भाड्यानं घेतो तशी चार दारांची, डिकीची गाडी. ती शर्यतीसाठी आतून रिकामी आणि मजबूत केलेली असते. या स्पर्धेत बायकांचा वेगळा गट नसतो. पुरुषांबरोबर एकाच रांगेतून सुटायचं. कार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०२५ मध्ये आखाती देशांतल्या फेरारी गाड्यांच्या शर्यतींच्या मालिकेसाठीही त्यांचं नाव जाहीर झालं.

पुण्याचेच संजय टकले यांनी तर पन्नाशी ओलांडल्यावर, २०२५ मध्ये, सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार क्लासिक रॅली पुरी केली. म्हणजे बाई असो की बाप्या, वयाचा हिशेब वाटतो तेवढा पक्का नाही.

पण मी तुम्हाला गोड गोष्ट सांगून सोडून देणार नाही. उशिरा सुरुवात करण्याची किंमत असतेच. आठव्या वर्षी कार्टमध्ये बसलेल्या पोराच्या हातापायांना जी सवय लागते, ती तिशीत तेवढ्या सहज लागत नाही. त्याच्या गाठीशी शंभर शर्यती असतात तेव्हा आपली पहिली असते. हा खेळ महागही आहे. टायर, इंधन, दुरुस्ती, प्रवेश फी, परगावचं राहणं. कंपनी किंवा प्रायोजक पाठीशी नसेल तर चांगल्या घरच्यांनाही झेपत नाही. कामीयकडं पैसा होता. लेलाकडं नव्हता, म्हणून तिची वर्षं गेली. शिवाय जिवाची जोखीम आहे. रस्त्यावर वेगानं गाडी हाकणं म्हणजे शर्यत नव्हे. शर्यत बंदिस्त मैदानावर होते. हेल्मेट, आग न लागणारे कपडे, डॉक्टर, रुग्णवाहिका, आणि देशाच्या मोटार शर्यत संघटनेचा वेगळा परवाना असल्याशिवाय तिथं कुणाला सोडत नाहीत. घरातल्या पोरांनाही हे सांगा.

तरीही या बायकांच्या इतिहासात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

एक, त्या रिकाम्या हातानं आल्या नव्हत्या. लेलाकडं व्हॅनचा हात होता, जॅनेटकडं इंजिनाची विद्या होती. आधीची वर्षं वाया गेलेली नव्हती, फक्त त्यांचा उपयोग कुठं होईल ते कळायचं होतं. आपल्यातली जी बाई वीस वर्षं घरखर्च चालवते, तिला गटाचा हिशेब लवकर येतो, तो त्याचमुळं.

दोन, कुणीतरी एक दार उघडलं. सुधा मूर्तींच्या वेळी टाटांनी, डायना यांच्या वेळी निवडीच्या कार्यक्रमानं. जिद्द असूनही दार नसेल तर बाई भिंतीवर डोकं आपटत राहते. म्हणून नुसतं "जिद्द ठेव" म्हणणं पुरेसं नाही. गटाचं काम दार उघडायचं आहे. गाडी शिकायच्या फीसाठी अंतर्गत कर्ज देता येईल का, शिकायला जाणाऱ्या बाईच्या मुलाकडं तेवढे दोन तास कोण बघेल, एकटीला संकोच वाटतो तर चौघींनी मिळून जाता येईल का, हे ठरवणं म्हणजे दार उघडणं.

तीन, दार उघडल्यावर त्या पायरीपायरीनं गेल्या. पहिल्याच दिवशी बहुतेकींना मोठी शर्यत मिळाली नाही.

आपली पहिली पायरी शर्यतीची नाही, परवान्याची आहे. चारचाकीच्या परवान्याला कमीत कमी वय १८ लागतं. जास्तीत जास्त किती, याची शिकायला मर्यादा नाही. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, एवढंच. आधी शिकाऊ परवाना काढायचा, तो सहा महिने चालतो. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ज्या गटांचा भाजीचा, दुधाचा, पापड-मसाल्याचा माल तळेगाव, वडगावला जातो, त्यांनी महिन्याला टेम्पोभाड्यापोटी किती रुपये बाहेर जातात ते वहीत बघावं. मग ठरवावं, आपल्यातल्या एकीनं शिकलेलं बरं की नाही.

हा लेख गटात वाचून झाल्यावर या प्रश्नांवर बोला. आपल्यापैकी कुणाला काय शिकायचं राहून गेलं आहे? ते राहिलं तेव्हा दार कुणी बंद केलं होतं, घरानं, पैशानं, की अंतरानं? ते दार आज उघडं आहे का? नसेल तर त्यातला कोणता भाग गट उघडू शकतो? प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगावी आणि सचिव ताईंनी ती ठराव वहीत नावासकट लिहावी. पुढच्या महिन्यात त्या यादीतल्या एकीचं तरी काम पुढं सरकलं पाहिजे.

आणि बैठकीत पुन्हा कुणी "आता या वयात?" म्हणालं, तर तिच्यावर रागावू नका. तिलाही कधीतरी कुणीतरी तेच ऐकवलेलं असतं. तिला फक्त विचारा, काकू, तुमचं काय राहिलं होतं?